पिवळ्या कार्डांचा हिशेब

आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो.

२८ जून २०१८. रशियातलं व्होल्गोग्राद शहर. वर्ल्ड कप फुटबॉलमधला सामना, जपान विरुद्ध पोलंड. पोलंड १–० ने पुढे आहे आणि शेवटची दहा मिनिटं उरली आहेत. अशा वेळी हरणाऱ्या संघाने काय करायचं असतं? जिवाच्या आकांताने पुढे धावायचं, गोल करायचा. बरोबर? पण जपानचे खेळाडू आपल्याच अर्ध्या मैदानात एकमेकांना चेंडू देत बसले. ह्याने त्याला, त्याने ह्याला. पोलंडवालेही अंगणात उभे राहून गंमत बघावी तसे उभे. प्रेक्षक खवळले, हुर्यो उडवू लागले. तरी जपानी ढिम्म! सामना संपला, जपान हरला आणि जपानी खेळाडूंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आता सांगा, हरत असलेला संघ वेळ का काढत होता?

उत्तर त्याच वेळी दुसऱ्या शहरात, समारामध्ये होतं. तिथे सेनेगल आणि कोलंबिया खेळत होते. ७४ व्या मिनिटाला कोलंबियाच्या येरी मिनाने हेडरने गोल केला आणि ती बातमी व्होल्गोग्रादमध्ये जपानच्या बाकावर पोचली. प्रशिक्षक अकिरा निशिनोंनी हिशेब मांडला. सामने असेच संपले तर जपान आणि सेनेगल दोघांचे ४ गुण. दोघांनी केलेले गोल ४, दोघांवर झालेले गोलही ४. आपसातला सामना? तोही २–२ बरोबरीत. म्हणजे जुळ्या भावांसारखी स्थिती! मग पुढे जाणार कोण? फिफाच्या नियमात यापुढची पायरी होती शिस्तीची. प्रत्येक पिवळ्या कार्डाला उणे १. दोन पिवळी होऊन लाल मिळालं तर उणे ३. थेट लाल कार्डाला उणे ४. आणि आधी पिवळं मिळालेल्याला वर थेट लाल मिळालं तर उणे ५. जपानची पिवळी कार्डं ४, सेनेगलची ६. लाल कोणाचंच नाही. म्हणजे जपान उणे ४, सेनेगल उणे ६.

म्हणून निशिनोंनी सांगितलं, आता धावाधाव नको. धावाधाव केली की धक्काबुक्की होते, धक्काबुक्की झाली की कार्ड मिळतं, आणि शिवाय दुसरा गोल खायची भीती. जुगारच होता तो. तिकडे सेनेगलने एक गोल केला असता तर जपान बाहेर! पण सेनेगलला गोल झाला नाही. दोन पिवळ्या कार्डांच्या फरकाने सेनेगल घरी गेला. वर्ल्ड कपमधून असा शिस्तीच्या गुणांवर बाहेर पडलेला तो पहिला संघ.

मला स्वतःला त्या शेवटच्या दहा मिनिटांचा खेळ मुळीच आवडला नव्हता. पण एक गोष्ट मात्र त्या दिवशी सगळ्या जगाला कळली. कोपऱ्यात बारीक अक्षरात छापल्या जाणाऱ्या कार्डांच्या आकड्यांनाही किंमत असते. आणि एकदा का त्या आकड्यांकडे नीट बघायला लागलं की खेळाडूंबद्दल बरंच काही कळतं. कधी कधी मात्र ते आकडे चक्क फसवतात! आज त्याच्याच गप्पा मारू या.

हेडमास्तरांना सुचलेली युक्ती

आधी ही कार्डं आली कुठून ते सांगतो. १९६६ चा वर्ल्ड कप इंग्लंडमध्ये झाला. उपांत्यपूर्व सामना होता इंग्लंड–अर्जेंटिना. पंच होते जर्मनीचे रुडॉल्फ क्राइटलाइन. त्यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार अंतोनियो रात्तीन याला मैदानाबाहेर काढलं. पंचांना स्पॅनिश येत नव्हतं, रात्तीनला जर्मन येत नव्हतं. रात्तीन म्हणे, दुभाषा बोलवा! बाहेर जायला तयारच होईना. कितीतरी मिनिटं खेळ थांबला. त्याच सामन्यात इंग्लंडच्या जॅक आणि बॉबी या चार्लटन भावांचीही नावं पंचांनी वहीत लिहिली होती म्हणे, पण ते त्या दोघांना धड कळलंच नाही. नंतर पेपरात आलं तेव्हा समजलं!

त्या स्पर्धेच्या पंचांची जबाबदारी केन ॲस्टन यांच्याकडे होती. हे गृहस्थ इंग्लंडमधल्या एका शाळेचे हेडमास्तर, आणि स्वतः गाजलेले पंच. १९६२ साली चिली–इटली सामन्यात खेळाडूंनी इतकी हाणामारी केली होती की एका इटालियन खेळाडूला बाहेर काढायला पोलिसांना मैदानात यावं लागलं. त्या सामन्याचे पंच हेच ॲस्टनसाहेब! तर १९६६ चा तो सामना झाल्यावर ते लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरून गाडी चालवत चालले होते. सिग्नलचा पिवळा दिवा लागला, मग लाल लागला. आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पिवळा म्हणजे ‘सांभाळून’, लाल म्हणजे ‘थांब, तू बाहेर’. ही भाषा जगात कुणालाही कळेल, दुभाषा नको! १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपमध्ये कार्डं पहिल्यांदा वापरली गेली. गंमत म्हणजे त्या अख्ख्या स्पर्धेत लाल कार्डाची गरजच पडली नाही. वर्ल्ड कपमधलं पहिलं लाल कार्ड १९७४ मध्ये चिलीच्या कार्लोस कॅसेलीला मिळालं.

कार्डं आल्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. ॲस्टनसाहेबांच्या मनात ती असेल-नसेल, पण गुन्ह्यांची नोंद सगळ्यांच्या डोळ्यांसमोर व्हायला लागली. आणि नोंद झाली की मोजणी आलीच.

फळ्यावरच्या फुल्या

तुमच्या वर्गात बाई येईपर्यंत मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो की नाही? पुन्हा बोललं की नावापुढे फुली. आता समजा वर्षभराच्या सगळ्या फुल्या मोजल्या आणि तुमच्या नावापुढे निघाल्या ४०, तर शेजारच्या बंड्याच्या नावापुढे २५. म्हणजे तुम्ही जास्त दंगेखोर? थांबा. तुम्ही रोज शाळेत आलात आणि बंड्या कांजिण्या, मामाचं लग्न, पोटदुखी असं करत अर्धं वर्ष घरीच होता, हे कुणी सांगायचं?

फुटबॉलमध्ये अगदी हेच होतं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये सर्वांत जास्त पिवळी कार्डं मिळाली गॅरेथ बॅरी या खेळाडूला. १९९८ ते २०१८ या वीस वर्षांत तब्बल १२३! नुसतं एवढंच वाचलं तर डोळ्यांसमोर लालभडक डोळ्यांचा कुणी राक्षस उभा राहतो. प्रत्यक्षात बॅरी हा मधल्या फळीतला शांत, कष्टाळू गडी. मग १२३ कशी? कारण तो सामने खेळला ६५३!

आता पाटी-पेन्सिल घ्या. (कॅल्क्युलेटर नको, भागाकार विसरायला होतो.) त्याच यादीत वरच्या बाजूला आणखी तीन नावं आहेत. वेन रूनी १०२ कार्डं, सामने ४९१. ली बॉयर ९९ कार्डं, सामने ३९७. पॉल स्कोल्स ९७ कार्डं, सामने ४९९. सामन्यांना कार्डांनी भागा. म्हणजे किती सामन्यांमागे एक कार्ड ते कळेल. बॅरी साधारण ५.३ सामन्यांमागे एक, स्कोल्स ५.१, रूनी ४.८ आणि बॉयर ४.० सामन्यांमागे एक.

बघितलंत? एकूण कार्डांत बॅरी सगळ्यांच्या वर, आणि भागाकार केल्यावर चौघांत सगळ्यांत सभ्य! क्रिकेटवेड्यांना हे वेगळं सांगायला नको. नुसत्या एकूण धावा बघून कोण फलंदाज मोठा ते ठरत नाही, सरासरी बघतात. कार्डांचंही तसंच.

पण भागाकार केला की काम संपलं असं समजू नका. रूनी आघाडीचा खेळाडू, त्याचं काम गोल करणं. बॅरी मधल्या फळीतला. समोरून धावत येणाऱ्याला अडवणं हेच त्याचं रोजचं काम. अडवताना पाय उशिरा पडला की पंचांचा हात खिशात जातो. म्हणजे रूनीला ४.८ सामन्यांमागे एक कार्ड मिळणं हे बॅरीच्या ५.३ पेक्षा दिसतं त्याहून जास्त आहे. आघाडीच्या खेळाडूची तुलना आघाडीच्या खेळाडूशीच करावी आणि बचावपटूची बचावपटूशी. भाजीवाल्याच्या तराजूत सोनं मोजत नाहीत.

म्हणूनच इंग्लंडचा गॅरी लिनेकर याला अख्ख्या कारकिर्दीत एकही पिवळं कार्ड मिळालं नाही, लाल तर नाहीच, हे ऐकल्यावर टाळ्या जरूर वाजवा. देशासाठी ८० सामन्यांत ४८ गोल करणारा खेळाडू, बचाव करणारे त्याला किती लाथा घालत असतील! तरी याने परतफेड केली नाही. पण माझं मत विचाराल तर जर्मनीच्या फिलिप लामचा विक्रम मला जास्त भारी वाटतो. पिवळी कार्डं त्याला मिळाली, पण लाल कधीच नाही. आणि तो होता बचावपटू! समोर जगातले सगळ्यांत चपळ खेळाडू, आणि यांना अडवणं हाच धंदा. जर्मनीकडून ११३ सामने खेळला आणि २०१४ चा वर्ल्ड कप कर्णधार म्हणून जिंकला.

आठ लाल कार्डं, तीन माणसं

लाल कार्डांकडे वळू. प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक लाल कार्डं ८, आणि तो विक्रम तिघांच्या नावावर आहे. रिचर्ड डन, पॅट्रिक व्हिएरा आणि डंकन फर्ग्युसन. तिघांचे ८ म्हणजे तिघं सारखेच? पुन्हा भागाकार. डन ४३१ सामने, म्हणजे ५४ सामन्यांमागे एक. व्हिएरा ३०७ सामने, ३८ मागे एक. फर्ग्युसन २६९ सामने, ३४ मागे एक.

त्यातही फर्ग्युसन होता आघाडीचा खेळाडू. आणि कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांत तो बरेचदा बदली खेळाडू म्हणून, सामना संपत आल्यावर उतरायचा. म्हणजे त्याचे २६९ सामने हे पूर्ण २६९ नव्हेतच! म्हणून हिशेब करणारे लोक सामन्यांऐवजी मिनिटं मोजतात आणि दर ९० मिनिटांमागे किती कार्डं असं काढतात. समजा एक जण १० सामने पूर्ण खेळला, ९०० मिनिटं, कार्डं ३. दुसरा १० सामन्यांत फक्त शेवटची अर्धा-अर्धा तास खेळला, ३०० मिनिटं, कार्डं २. सामन्यांवर मोजलं तर पहिला दंगेखोर. ९० मिनिटांवर मोजलं तर पहिला ०.३ आणि दुसरा ०.६, म्हणजे दुप्पट!

लाल कार्डांच्या बाबतीत मात्र जरा जपून. आकडे फार लहान असतात. फर्ग्युसनला आठाऐवजी नऊ मिळाली असती तर त्याचा आकडा ३४ वरून एकदम ३० वर आला असता. बॅरीला १२३ ऐवजी १२४ मिळाली असती तर काय फरक पडला असता? काहीच नाही. एका कार्डाने ज्या आकड्याचं रूपच बदलतं, त्या आकड्यावर फार मोठी इमारत बांधू नये.

आता एक गमतीदार माणूस बघा. स्पेनचा सर्जिओ रामोस. रेआल माद्रिदकडून ६७१ सामने खेळला आणि २६ वेळा लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. म्हणजे जवळजवळ २६ सामन्यांमागे एकदा. याच वेगाने स्पेनकडून खेळलेल्या १८० सामन्यांत त्याला किती लाल कार्डं मिळायला हवीत? १८० भागिले २६, साधारण ७. मिळाली किती? शून्य! एकसुद्धा नाही.

मग काय, लाल जर्सी घातली की रामोस साधू होतो? तसं मुळीच नाही. देशाच्या १८० सामन्यांत कितीतरी सामने मैत्रीपूर्ण असतात, तिथे खेळाडूही सांभाळून खेळतात आणि पंचही जरा सैल सोडतात. स्पेनचा संघ चेंडू स्वतःकडेच ठेवणारा, मग धावून जाऊन पाय घालायची वेळच कमी. बार्सिलोनासारख्या कट्टर प्रतिस्पर्ध्याशी वर्षातून दोन-तीनदा होणारी खुन्नस तिथे नाही, उलट बार्सिलोनावाले स्पेनच्या संघात शेजारीच उभे! आकडा खेळाडूचा असतो असं आपल्याला वाटतं, पण त्यात संघ, प्रतिस्पर्धी, पंच आणि प्रेक्षकही मिसळलेले असतात. प्रेक्षक कसे? पाहुण्या संघाला यजमानांपेक्षा जास्त कार्डं मिळतात हे पूर्वीपासून दिसत होतं. २०२० मध्ये कोरोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले आणि अभ्यासकांनी आकडे तपासले, तर हा फरक कमी झालेला दिसला. ओरडायला कोणी नसलं की पंचांच्या हातालाही फरक पडतो तर!

एकाच सामन्यातली दोन पिवळी कार्डं

आता जे सांगणार आहे ते या सगळ्या आकडेमोडीला थोडा चिमटा काढणारं आहे.

११ जुलै २०१०, जोहान्सबर्ग. वर्ल्ड कपची अंतिम लढत, स्पेन विरुद्ध नेदरलँड्स. पंच इंग्लंडचे हॉवर्ड वेब. अठ्ठाविसाव्या मिनिटाला चेंडू हवेत होता. नेदरलँड्सच्या नायजेल डी यॉंगने पाय उचलला आणि बुटाचे खिळे थेट स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीत! कराटेच्या सिनेमात शोभावी अशी लाथ. वेब यांना मध्ये माणसं आल्यामुळे ते नीट दिसलं नाही. त्यांनी पिवळं कार्ड दाखवलं. ते लाल असायला हवं होतं हे मध्यंतरात कळलं, असं वेब यांनीच नंतर कबूल केलं.

सामना जादा वेळेत गेला. ११६ व्या मिनिटाला आंद्रेस इनिएस्ताने गोल केला. स्पेन पहिल्यांदाच जगज्जेता होणार होता. इनिएस्ताने धावत जाऊन जर्सी काढली. आतल्या बनियनवर हाताने लिहिलं होतं, दानी हार्के, तू कायम आमच्यासोबत आहेस. दानी हार्के हा त्याचा मित्र, दुसऱ्या क्लबचा कर्णधार, आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये हृदयविकाराने अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेला होता. आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या क्षणी इनिएस्ताला त्याची आठवण आली. पण जर्सी काढली की पिवळं कार्ड, हा २००४ पासूनचा नियम. वेब यांनी कार्ड दाखवलं.

त्या सामन्यात एकूण १४ पिवळी कार्डं झाली. त्यात एक डी यॉंगचं आणि एक इनिएस्ताचं. तक्त्यात दोघांच्या नावापुढे आकडा सारखाच. १.

आई-बाबांनाही विचारा, त्यांच्या प्रगतिपुस्तकात ‘वर्गात लक्ष नसते’ असा शेरा किती वेळा आला होता, आणि त्या वेळी ते खिडकीतून नक्की काय बघत होते!

कार्ड मुद्दाम घ्यायचं?

हो, तेही करतात. पण त्यातही दोन तऱ्हा आहेत.

२००२ चा वर्ल्ड कप, उपांत्य सामना, जर्मनी विरुद्ध दक्षिण कोरिया. गोल एकही झालेला नाही. जर्मनीच्या मायकेल बालाकच्या नावावर आधीच एक पिवळं कार्ड. अजून एक मिळालं की त्या वेळच्या नियमाने अंतिम सामना बंद. ७१ व्या मिनिटाला कोरियाचा ली चुन-सू चेंडू घेऊन जर्मनीच्या गोलकडे सुटला. बालाकने त्याला मागून पाडलं. पिवळं कार्ड. वर्ल्ड कपची फायनल खेळायचं स्वप्न तिथेच संपलं. आणि चारच मिनिटांनी, ७५ व्या मिनिटाला, याच बालाकने गोल केला आणि जर्मनीला त्या फायनलमध्ये नेऊन बसवलं, जिथे तो स्वतः खेळू शकणार नव्हता! फायनलमध्ये ब्राझीलने जर्मनीला २–० ने हरवलं. बालाकला नंतरही कधी वर्ल्ड कपची फायनल खेळायला मिळाली नाही. २०१० पासून फिफाने नियम बदलला. उपांत्यपूर्व फेरी संपली की एकटं पिवळं कार्ड पुसून टाकतात, म्हणजे असा प्रसंग पुन्हा कुणावर येऊ नये.

दुसरी तऱ्हा आपल्या रामोसची. फेब्रुवारी २०१९, चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिदने ॲमस्टरडॅमला जाऊन आयाक्सला २–१ ने हरवलं. परतीचा सामना घरच्या मैदानावर, म्हणजे आता सोपंच! रामोसने विचार केला, आताच एक पिवळं कार्ड घ्यावं, त्या सोप्या सामन्यात बाहेर बसावं आणि पुढच्या कठीण फेरीत कोऱ्या पाटीने उतरावं. शेवटच्या मिनिटांत फाउल केला आणि कार्ड मिळवलं. वर सामन्यानंतर बोलताना तसं सुचवूनही बसला! नंतर सारवासारव केली, पण युरोपच्या फुटबॉल संघटनेने आणखी एका सामन्याची बंदी वाढवली. आणि परतीच्या सामन्यात काय झालं? रामोस प्रेक्षकांत बसलेला असताना आयाक्सने रेआलला त्यांच्याच घरी ४–१ ने धुतलं. पुढची फेरी आलीच नाही!

तक्त्यात बालाकचं ते कार्ड आणि रामोसचं ते कार्ड, दोन्हींना नाव एकच. फाउलबद्दल पिवळं.

तुमची वही

मग आकडे फेकून द्यायचे का? अजिबात नाही. उलट जास्त नीट लिहायचे. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा शाळांच्या स्पर्धा सुरू झाल्या की एक दोनशे पानी वही घ्या. मुंबईला कूपरेजवर जाणारी मुलं असतील, कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघणारी असतील, गोव्यातल्या मुलांना तर काही सांगायलाच नको. टीव्हीवरच्या सामन्यांचंही चालेल. रकाने आखा. खेळाडूचा नंबर. जागा, म्हणजे बचाव, मधली फळी की आघाडी. किती मिनिटं खेळला. फाउल किती केले, हा फार महत्त्वाचा रकाना आहे बरं का! दहा फाउल करून एकच कार्ड मिळवणारा आणि दोन फाउलमध्ये दोन कार्डं मिळवणारा, दोघं अगदी वेगळे. पहिला चलाख असेल, किंवा त्याचे फाउल बारीकसारीक असतील. दुसरा एकदम भडकणारा तरी असेल, नाहीतर उशिरा पोचणारा.

मग कार्ड कोणत्या मिनिटाला मिळालं, तेव्हा स्कोअर काय होता, आणि कार्ड कशाबद्दल. पाडल्याबद्दल, पंचांशी हुज्जत घातल्याबद्दल, वेळ काढल्याबद्दल की जर्सी काढल्याबद्दल. या शेवटच्या रकान्यातून जेवढं कळतं तेवढं बाकीच्या सगळ्यांतून मिळूनही कळत नाही, असा माझा अनुभव आहे. एखाद्याची पाचपैकी चार कार्डं हुज्जतीची निघाली तर त्याचे पाय नाही, तोंड आवरायला हवं! एखाद्याची सगळी कार्डं ऐंशी मिनिटांनंतरची असतील तर बिचारा दमत असेल, पाय वेळेवर पोचत नसतील. प्रशिक्षक सरांना दाखवलंत तर त्यांना उपयोग होईल. कबड्डीवाल्यांनाही हे करता येईल, आपल्याकडेही हिरवं, पिवळं आणि लाल कार्ड असतंच की.

दहा-बारा सामने लिहून होईपर्यंत कुणाबद्दलही मत बनवू नका. आणि आकडा लिहिताना दोनदा बघा. नंबर कुणाचा, संघ कुठला. नाहीतर काय होतं त्याची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

२२ जून २००६, जर्मनीतलं स्टुटगार्ट. वर्ल्ड कप, क्रोएशिया विरुद्ध ऑस्ट्रेलिया. पंच इंग्लंडचे ग्रॅहॅम पोल, मोठे नावाजलेले. ६१ व्या मिनिटाला त्यांनी क्रोएशियाच्या योसिप शिमुनिचला पिवळं कार्ड दाखवलं. ९० व्या मिनिटाला पुन्हा दाखवलं. दोन पिवळी म्हणजे लाल, म्हणजे बाहेर! पण शिमुनिच आपला मैदानातच. पंच काही बोलेनात, त्यानेही काही विचारलं नाही. (तुम्ही तरी विचारलं असतं का?) सामना २–२ बरोबरीत सुटला. शिट्टी वाजल्यावर शिमुनिच वाद घालायला पोल यांच्याकडे गेला, तेव्हा त्यांनी त्याला तिसरं पिवळं कार्ड दाखवलं आणि मग लाल!

झालं असं होतं, की शिमुनिचचा जन्म ऑस्ट्रेलियातला, कॅनबेराचा. इंग्रजी बोलायचा ते थेट ऑस्ट्रेलियन थाटात. त्याच्या पाठीवर नंबर होता ३. ऑस्ट्रेलियाच्या क्रेग मूरच्या पाठीवरही ३. पोलसाहेबांनी दुसऱ्या कार्डाच्या वेळी फुली मारली ती क्रोएशियाच्या नव्हे, ऑस्ट्रेलियाच्या तीन नंबरपुढे.